रुझीच्या खिळ्यावरचा नान

मी एक उष्टा नान बोलतोय. उष्टं म्हटल्यावर लगेच नाक मुरडू नका. माझ्या कडेचा एक घास कुणीतरी तोडला, म्हणून तर मी चाळीसेक वर्षं भिंतीवर टिकलो. नसता तोडला, तर त्याच दुपारी चहाबरोबर माझा निकाल लागला असता.

समरकंदच्या बाहेर तेराकली नावाचं गाव आहे. तिथं बिबीसोराच्या अंगणातल्या तंदुरात माझा जन्म झाला. तिनं ते पीठ रडत रडत मळलं होतं. त्यात मीठ वेगळं घालावंच लागलं नाही, असं गावातल्या बायका नंतर सांगायच्या. पण ते आपलं बोलणं झालं. मीठ तिनं नेहमीसारखंच घातलं होतं. हात सैल पडला तो कांद्याच्या बियांवर. त्या जरा जास्तच भुरभुरल्या गेल्या.

एकाच गोळ्यातून तिनं आम्हा दोघांना थापलं, एकाच शिक्क्यानं मधोमध नक्षी टोचली, वरून दूध फासलं आणि तंदुराच्या तापल्या भिंतीला शेजारी शेजारी चिकटवलं. बाहेर निघालो तेव्हा आमच्यात काडीचा फरक नव्हता.

त्या दिवशी तिचे दोन्ही मुलगे सैन्यात निघाले होते. थोरला मर्दान आणि धाकटा रुझी. खरं तर मर्दान आदल्याच वर्षी जायचा. पण रेशमाच्या किड्यांसाठी पाला काढताना तो तुतीवरून खाली आला, पाय मोडून घेतला आणि वरचा पुढचा एक दात झाडाखालीच ठेवून आला. पाय जुळला. दात कुठला उगवतोय! असा त्याचा एक वर्षाचा उशीर झाला आणि दोघे भाऊ एकाच ट्रकमधून निघाले.

लांबच्या वाटेला निघालेल्यानं उंबऱ्यावर उभं राहून ताज्या नानाचा एक घास खायचा आणि उरलेला नान घरात टांगून ठेवायचा, ही आमच्याकडची रीत. त्याच्या नशिबातलं अन्न घरी राहिलं की ते त्याला ओढून परत आणतं. परतल्यावर त्यानं आधी तो नान संपवायचा, मग पाणी प्यायचं. नान संपला की माणूस पोचला. तोवर घरात उपास पडले तरी दुसऱ्यानं त्याला दात लावायचा नाही.

मला मर्दाननं चावलं, घाईघाईनं, ओठ भाजून घेत. माझ्या जोडीदाराला रुझीनं चावलं. तोंडात घास तसाच ठेवून तो धाकट्या बहिणीला म्हणाला, "ओयदिन, उंदरांना सांगून ठेव गं, या मालाचा मालक येणार आहे!" ओयदिन तेव्हा शाळेत जाणारी पोर. एरवी रुझीनं नुसतं बोट हलवलं तरी खिदळायची, पण त्या दिवशी हसली नाही.

बिबीसोरानं आम्हाला आतल्या खोलीत, रचून ठेवलेल्या गाद्यांच्या वर, दोन खिळ्यांना टांगलं. उजवीकडे मी, डावीकडे तो. उष्टी बाजू भिंतीकडे, लेकरांच्या घासाला कुणाची नजर नको म्हणून. शेजारीण म्हणाली, "अगं, एखादा रंगीत दोरा तरी बांध. कुणाचा कुठला कसं कळायचं?"

"मला कळत नाही होय?" बिबीसोरा फणकारली. "पोरं माझी, नानही माझे. मी काय इथं दुकान मांडलंय?"

मग आम्ही वाळलो. वाळणं वाटतं तेवढं सोपं नसतं. आधी अंग आकसतं, मग तडे जातात, मग केव्हातरी आपण लाकडासारखे झालो आहोत हे लक्षात येतं. किडे लागू नयेत म्हणून शेजारी लाल मिरच्यांची माळ आणि धुपाच्या पाल्याची जुडी होती. संगत बरी होती. जोडीदाराशी बोलायला विषयही एकच होता, कुणाचा मालक आधी येतो.

दोघा भावांना अफगाणिस्तानात धाडलं होतं. तिथं काय झालं ते मला ठाऊक नाही, मी भिंतीवर होतो. मर्दाननं ते कधी कुणाला सांगितलं नाही, आणि ठाऊक नसलेलं रचून सांगायची मला सवय नाही. एवढंच कळलं, की रुझी डोंगरात बेपत्ता झाला. दोन अधिकारी अंगणात उभे राहून तसं सांगून गेले. मेला असंही म्हणाले नाहीत, जिवंत आहे असंही म्हणाले नाहीत. बिबीसोरानं त्यांना चहा पाजला, कारण दारात आलेल्याला चहा न देता पाठवत नाहीत. त्या दिवसापासून तिनं आमच्या भिंतीकडे मान वर करून पाहणं सोडलं.

घोळ झाला तो त्यामुळेच. नवरोजच्या आधी घराला चुना द्यावाच लागतो, घरात दुःख असलं तरी. शेजारणी मदतीला आल्या. त्यांनी आम्हाला अदबीनं खाली काढलं, दस्तरखानावर, म्हणजे जेवणाच्या कापडावर, सुलटं ठेवलं, वर रुमाल घातला. नान पालथा ठेवण्याइतकं पाप नाही, ते त्यांनी होऊ दिलं नाही. भिंत वाळल्यावर पुन्हा टांगलं, उष्टी बाजू भिंतीकडे, तीही न चुकता. फक्त मला टांगलं डावीकडे आणि त्याला उजवीकडे.

बिबीसोरा अंगणात राख चाळत बसली होती. ती आत आली, खाली मान घालून गेली. मला केवढं ओरडावंसं वाटलं! पण माझ्या अंगावर दुसऱ्याच्या तोंडाची खूण तेवढी होती, स्वतःचं तोंड नव्हतं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी मर्दान परतला. उंबऱ्यातच आईनं त्याला मिठी मारली, गळा काढणार होती, पण स्वतःला आवरलं. "आधी तुझा नान संपव. रडायला जन्म पडलाय." तिनं न बघताच हात वर केला, उजवीकडच्या खिळ्यावरून माझ्या जोडीदाराला काढला, तुकडे करून गरम चहात बुडवला आणि वाडगा त्याच्या हातात दिला. मर्दाननं शेवटच्या कणापर्यंत खाल्ला. मग पाणी प्यायला. मग दोघं रडली.

माझा जोडीदार असा गेला, माझ्या मालकाच्या पोटात. मला त्याचं वाईट वाटलं, आणि हेवाही वाटला. खरं सांगायला काय हरकत आहे?

मर्दान त्या घरात राहू लागला, पण पाहुण्यासारखा. बसायचा तर दाराशी, जिथं चपला काढतात तिथं. कुणी "वर बस" म्हटलं, की "इथं बरं आहे" हे ठरलेलं उत्तर. बूट काढले की त्यांची टोकं बाहेरच्या दिशेनं करून ठेवायचा. कालव्याच्या पाण्याची दारं उघडायची-लावायची नोकरी त्याला मिळाली, ती त्यानं चोख केली. पडलेल्या दाताच्या जागी सोन्याचा बसवून घेतला, तेव्हाची फॅशनच होती ती. लग्नही लावून दिलं. बायको दोन हिवाळे टिकली आणि माहेरी निघून गेली. भांडण नव्हतं की मारहाण नव्हती. "स्टेशनच्या बाकावर संसार होत नाही," एवढंच ती म्हणाली.

बिबीसोरा शेजारणींना सांगायची, "माझा मर्दान आलाय खरा, पण अजून पोचला नाहीये." आणि मला हात लावायला तिनं सगळ्यांना बंदी केली. नंतरच्या प्रत्येक नवरोजला चुना लागला तो माझ्याभोवतीनं. जग सोडून जाताना तिनं ओयदिनचा हात धरून सांगितलं, "डावीकडच्याला जप. तो यायचा आहे."

ओयदिननं जपलं. नवरा वारल्यावर, लेकी सासरी गेल्यावर ती भावाकडेच राहायला आली. दर शुक्रवारी गादीवर चढून मोठ्या पिसानं माझ्यावरची धूळ झटकायची आणि गप्पा मारायची. "रुझी-अका, यंदा जर्दाळू गारपिटीनं गेले बरं का." "रुझी-अका, धाकटीला मुलगा झाला, नाक तुझ्यावर गेलंय." अका म्हणजे मोठा भाऊ, जशी ओयी म्हणजे आई. मला दुसऱ्याच्या नावानं हाक मारली जायची आणि माझा खरा मालक दाराशी बसून ते ऐकत असायचा. शुक्रवार मला फार जड जायचा.

गेल्या शरदात ताश्कंदहून नाफिसा नावाची एक मुलगी आली. तिला एक छोटा सिनेमा काढायचा होता, म्हाताऱ्या सैनिकाचा. चहा निवायच्या आत संपेल एवढाच म्हणे. बरोबर कॅमेरावाला गेना, आणि समरकंदच्या नाटकांतले नावाजलेले नट कोमिल-उस्ताद. माझी कीर्ती तिच्यापर्यंत पोचली होती, म्हणून घर हेच पाहिजे होतं.

"सिनेमा आमच्या अकाचा, मग आमच्या अकालाच का नाही घेत?" ओयदिननं पहिल्याच दिवशी दुपारच्या चहाला विचारलं.

"अमाकी बोलतच नाहीत, ओपा," नाफिसा म्हणाली. ती मर्दानला काका म्हणायची आणि ओयदिनला ताई.

"तुझा सिनेमातला म्हातारा तरी कुठं बोलतो? सकाळपासून बघतेय, नुसता खिडकीतून बाहेर बघत बसलाय. हे काम आमचा अका चाळीस वर्षं फुकटात करतोय."

दाराशी बसलेला मर्दान सोन्याचा दात दाखवत हसला. "उस्तादांनाच करू दे. ते माझ्यापेक्षा चांगले म्हातारे दिसतात." कोमिल-उस्तादांनी मिशीवरून हात फिरवला. कौतुक झालं की चेष्टा, ते त्यांना ठरवता आलं नसावं.

दोन दिवस सगळं सुरळीत चाललं. पेच पडला शेवटच्या प्रसंगावरून. नाफिसाच्या गोष्टीत म्हातारा सैनिक हरवलेल्या भावाचा नान भिंतीवरून काढतो आणि खातो. ओयदिन झारा हातात घेऊनच स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"जिवंत माणसाचा घास कुणी खायचा नाही. माझ्या घरात तर नाहीच."

"एवढं मलाही कळतं, ओपा. मीही एका आईचीच लेक आहे," नाफिसा म्हणाली. "तो नान नाहीच खायचा. तुम्ही एक नवा भाजून द्या, उस्ताद चावतील, तंदुरात वाळवू."

ओयदिननं नान भाजला. उस्तादांनी मोठ्या अभिनयानं घास तोडला. घास कसला, सुरीनं कापल्यासारखी सरळ रेघ पडली.

"उस्ताद, दात विकतचे दिसतात," ओयदिन म्हणाली. गेना इतका हसला की कॅमेरा हलला. स्वतः उस्तादही हसले. पण नाफिसाला खरा घास कसा दिसतो ते बघायचं होतं. "फक्त वळवून बघू या का? हात तुम्हीच लावा."

ओयदिननं बराच विचार केला. मग हात धुतले, बिस्मिल्ला म्हणत गादीवर चढली आणि मला खाली काढलं. चाळीसेक वर्षांनी माझी उष्टी कड उजेडात आली. गेनानं कॅमेरा जवळ आणला. त्याच्या छोट्या पडद्यावर ती कड दरीएवढी मोठी दिसायला लागली. वरचे दात जिथं रुतले होते तिथं ओळीनं खाचा होत्या. मधे एका जागी मात्र खाच नव्हती. तिथं मी तसाच उभा राहिलो होतो, दोन खड्ड्यांमधल्या बांधासारखा.

"वा!" नाफिसा म्हणाली. "खरा घास तो खरा घास."

ओयदिननं डोळे बारीक केले. पडद्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "हा रुझी-अकाचा घास नाही."

"म्हणजे?"

"रुझी-अकाचे दात डाळिंबासारखे भरलेले होते. एकही कमी नव्हता."

मर्दान चहाची किटली घेऊन आत येत होता. त्यानं पडद्याकडे पाहिलं. त्याची जीभ आपोआप सोन्याच्या दाताकडे गेली, ते बाहेरूनही कळलं. त्यानं किटली खाली ठेवली, मला उचललं आणि त्या बांधावर अंगठा फिरवला.

"तुतीखाली पडला होता तो," तो म्हणाला.

नाफिसानं खूण करायच्या आधीच गेनानं कॅमेरा बंद करून खाली ठेवला होता.

"मग मी आल्यावर काय खाल्लं?" मर्दाननं विचारलं, आणि उत्तरही त्यानंच दिलं. "त्याचा खाल्ला. ओयदिन, त्याला घरी ओढून आणणारं जे होतं ते मी खाऊन बसलो. तो येणार कसा? तिकडे डोंगरात कुठं जिवंत असेल तरी येणार कसा?" तो दाराशी जाऊन नेहमीच्या जागी बसला. मी अजून त्याच्या हातातच होतो.

ओयदिनचा तोल सुटला. "आणि मी? मी दर शुक्रवारी कुणाशी बोलत होते? जर्दाळू कुणाला सांगितले? नातू कुणाला दाखवला?" ती रडत अंगणात गेली. तिथं रिकाम्या तंदुराला टेकून उभी राहिली. तिच्याकडे रुझीचं म्हणून जे काही उरलं होतं, ते एका क्षणात गेलं होतं. माझ्यामुळे गेलं होतं, आणि त्यात माझा दोष नव्हता, हेही मला पुरेसं वाटेना.

कोमिल-उस्ताद तिच्यामागून जायला उठले. नाफिसानं त्यांची बाही धरून खाली बसवलं.

मग ओयदिन आली. तोंड धुतलेलं होतं. तिनं दस्तरखान झटकलं, खोलीच्या वरच्या टोकाला, घरातल्या मोठ्या माणसाच्या जागेपुढे पसरलं, आणि भावाकडे वळली.

"अका, ऊठ."

"इथं बरं आहे."

"नाही बरं. ऊठ म्हणते ना! ओयी काय म्हणायची? नान संपला की माणूस पोचला. रुझी-अकाचा नान संपलाय. तू एक कण ठेवला नाहीस. तो त्याच दिवशी घरी आला, तुझ्या पोटात बसून. राहिलायस तो तू."

"मी हा काय, इथंच तर आहे."

"इथं कुठं? दारात आहेस! चाळीस वर्षं दारात उभा आहेस. बूटसुद्धा बाहेर तोंड करून ठेवतोस. तुझ्या बायकोला कळलं, ओयीला कळलं, मलाच मेलीला कळलं नाही. मी आपली तुझ्याच नानाची धूळ झटकतेय आणि तुलाच ओलांडून जातेय."

मर्दाननं दाराशी ठेवलेल्या आपल्या बुटांकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, "आणि त्याची वाट कुणी बघायची?"

"दोघं मिळून बघू," ओयदिन म्हणाली. "पण वर बसून बघ. दारात वारा लागतो."

तो उठला. गुडघे वाजले. जाता जाता वाकून त्यानं आपले बूट उचलले आणि टोकं आतल्या बाजूला करून ठेवले. मग खोली ओलांडून वर जाऊन बसला. त्याची दाराशेजारची जागा रिकामी झाली, तर कोमिल-उस्ताद तिथं जाऊन गुपचूप बसले. एवढा मोठा नट, पण त्याला कळलं की आज आपली जागा तिथं आहे.

ओयदिननं वाडग्यात गरम चहा ओतला. मी आता इतका कडक झालो होतो की माझा तुकडा पाडायला उखळाचा दांडा आणावा लागला. पहिला तुकडा बुडाला, फुगला, मऊ झाला. मर्दाननं तो तोंडात टाकला, सोन्याच्या दातानं चावला.

"कांद्याचं बी जास्त झालंय," तो म्हणाला.

"ओयी रडत होती. हात सैल पडला असेल."

"हं." त्यानं आणखी एक तुकडा बुडवला. आणि मग, ज्या माणसानं तिकडचा कधी चकार शब्द काढला नव्हता, तो वाडग्यात बघत म्हणाला, "तिथं डब्यातला शिळा पाव मिळायचा. रुझी रोज तो बघून म्हणायचा, मर्दान-अका, घरी आपले उंदीर बघ, आपल्यापेक्षा बरं खात असतील."

ओयदिन हसली. अशी हसली की तिला डोक्यावरच्या रुमालाचं टोक तोंडात धरावं लागलं. निघायच्या दिवशी उंबऱ्यावर जे हसू तिला आलं नव्हतं ते हेच असावं, असं मला वाटलं. हसता हसता ती रडली, आणि मर्दाननं तिच्यापुढे वाडगा सरकवला. तिनं तो परत ढकलला. "तुझा आहे. तूच संपव. सावकाश खा, उशीर झालाच आहे."

दुसऱ्या दिवशी नाफिसानं शेवट बदलला. आता तिचा म्हातारा सैनिक नानाला हात लावत नाही. नुसता दारातून उठतो आणि वर जाऊन बसतो. उस्तादांनी ते एका दमात केलं. कॅमेरा बंद झाल्यावरही ते बराच वेळ तिथंच बसून होते. पडद्यावर ते कसं दिसेल ते मला बघायला मिळणार नाही, कारण मर्दान मला रोज थोडा थोडा खातो आहे.

भिंतीवर माझ्यामागं जुन्या रंगाचा एक गोल उरलाय. नवरोजला त्यावरही चुना देऊ, असं ओयदिन म्हणते. परवा शुक्रवारी ती सवयीनं पीस घेऊन आली, रिकाम्या खिळ्याकडे पाहून थबकली, आणि मग तिथंच भावाशेजारी बसून त्याला म्हणाली, "मर्दान-अका, अक्रोड यंदा बरे आलेत." तो म्हणाला, "पाणी वेळेवर सोडलं होतं मी." दोघं रुझीविषयी बोलत बसली. मी वाडग्याच्या शेजारी होतो, सगळं ऐकलं.

आज माझा शेवटचा तुकडा राहिलाय, तोच, ज्याच्या कडेचा घास तोडलेला आहे. मर्दाननं मुद्दाम मागं ठेवला होता. जायचं मला दुःख नाही. नानाचा जन्म भिंतीसाठी नसतो. एकच मागणं आहे. तुमच्या घरात कुणी लांबून आलेलं असेल आणि सारखं दाराशीच बसत असेल, तर ते त्याला आवडतं असं समजू नका. एकदा "वर ये, बस" म्हणा. नाही म्हणाला तर पुन्हा म्हणा.

चहा ओतला गेलाय. वाफ येते आहे. कडेचा तो बांध आधी मऊ होईल, मग मी. मर्दान वाडगा उचलतो आहे आणि बहीण त्याच्याकडे बघते आहे. चला, आम्ही पोचलो.